न पटणारं पान

तुम्हाला अजिबात पटत नाही असं एखादं पान तुम्ही शेवटचं कधी वाचलंत? आणि वाचलंत तर शेवटपर्यंत गेलात, की मध्येच रागाने मिटलंत?

हे विचारायचं कारण, आडीचा वारा पुन्हा सुटलाय. आडी हा तमिळ महिना. तो संपता संपता आमचा श्रावण लागतो. तंजावुरात तेव्हा पावसापेक्षा वाराच जास्त असतो. नारळाच्या झावळ्या दिवसभर एकमेकींवर आपटत राहतात, दोरीवरचं धोतर शेजारच्या अंगणात जाऊन पडतं, ताटातल्या भाताबरोबर थोडी धूळ जेवावीच लागते. आज सकाळी वर्तमानपत्र उघडलं तर घडीतून गुलाबी, पिवळे, हिरवे कागद उडाले. आडीची सूट, साड्या निम्म्या भावात. सहा महिन्यांत कॉम्प्युटर शिका. घरबसल्या परदेशी नोकरी. एक कागद पंख्याखाली गरगर फिरून माझ्या पायाशी आला आणि मला त्या वर्षीची आडी आठवली.

आमच्या लहानपणी या वाऱ्यात अप्पांची पत्रकं उडायची. कागद तोच, तसाच पातळ. मजकूर वेगळा. कालव्याला पाणी कधी सोडणार? लावणीच्या बायकांची मजुरी का अडली? बियाण्यावर हक्क कोणाचा, शेतकऱ्याचा की कंपनीचा? माझे अप्पा एका लहानशा छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचे. दिवसा लग्नपत्रिका, औषधांची लेबलं, कॉलेजच्या प्रश्नपत्रिका. काम संपल्यावर मालकाच्या परवानगीने स्वतः लिहिलेलं पत्रक जुळवायचे, पायाने ट्रेडल मारून छापायचे, आणि रविवारी मला सायकलच्या दांडीवर बसवून खेड्यांतून वाटायला न्यायचे. बिघडलेली प्रुफं घरी यायची. आमच्या फळ्यांवर प्रुफं अंथरलेली, कंदिलाची काच प्रुफाने पुसलेली, माझी शाळेतली इडली प्रुफात गुंडाळलेली. मी वाचायला त्यांच्यावरच शिकले. स्वतःहून वाचलेला माझा पहिला शब्द होता 'अनीती'. तमिळमध्ये अन्यायाला तोच शब्द आहे.

ज्या मुलीचा पहिला शब्द तो असतो, तिचं पुढे काय होतं हे सांगायला नको. रेशनच्या दुकानात माप हलकं दिसलं की मी बोलायची. बाईंनी काही मुलांना सतत मागच्या बाकावर बसवलं की उभी राहायची. आईला माझी लाज वाटायची आणि अभिमानही, आणि दोन्ही ती एकाच शब्दात सांगायची, "बापाची लेक."

मी त्या पत्रकांची ऋणी आहे. ओरत्तनाडूच्या वाटेवर एका बांधावर अप्पा मजुरीचं पत्रक मोठ्याने वाचत होते. चिखलात गुडघाभर उभ्या असलेल्या बायका हातातली रोपं तशीच धरून ऐकत होत्या. वाचून झाल्यावर एकीने पत्रक मागून घेतलं. तिला अक्षर येत नव्हतं. तिने कागदाची बारीक घडी केली आणि कमरेला खोचली, किल्ली खोचावी तशी. दुसरी म्हणाली, "काय गं, वाचणार आहेस का?" ती म्हणाली, "मुकादमाला दिसू दे, माझ्याकडे आहे म्हणून." त्या दिवशी मला छापील अक्षराची जी भीतियुक्त ओढ लागली ती अजून सुटलेली नाही. शाईचे चार ठिपके, आणि एका बाईची पाठ सरळ होते!

पण पत्रकाचा एक स्वभाव असतो. त्याला शेवट आधीपासून ठाऊक असतो. वाचणाऱ्यालाही हळूहळू तीच सवय लागते. समोरच्याचं पहिलं वाक्य ऐकलं की त्याचं शेवटचं वाक्य आपल्याला कळलं असं वाटायला लागतं.

आमच्या घरी एक लिपी येत नव्हती. येत नव्हती म्हणजे येऊ दिली जात नव्हती.

आम्ही मराठी बोलणारी माणसं. भोसल्यांच्या राज्यात कधीतरी आमचे पूर्वज इकडे आले आणि कावेरीचं पाणी पिऊन इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. आमची मराठी तुम्हाला जुनीही वाटेल आणि तमिळ हेल काढणारीही. पण ती आम्ही फक्त बोलायचो. वाचायची ती नागरीत, आणि नागरी म्हणजे हिंदीची लिपी. अप्पा कॉलेजात असताना इथे हिंदीच्या सक्तीविरुद्ध पोरं रस्त्यावर उतरली होती, तेव्हा अप्पाही उतरले. तंजावुर स्टेशनच्या पाटीवरचं तमिळ आणि इंग्रजी नाव सोडून नागरी नावावर त्यांनी डांबर फासलं. ती गोष्ट मी झोपताना मागून मागून ऐकायची. ज्या लिपीला बापाने डांबर फासलं ती शिकायची कशी? तीच लिपी आपल्या आजीच्या भाषेचीही आहे, हे आमच्या कोणाच्या मनातच आलं नाही. दिल्लीचं दार बंद करताना आम्ही आमचं माजघरही बंद करून बसलो होतो.

घरात नागरी वाचणारी एकच व्यक्ती होती. माझी आत्या. अप्पांपेक्षा बरीच मोठी, तरुणपणीच विधवा झालेली, आमच्याच घरी राहणारी. तिच्याजवळ कहाण्यांचं एक पुस्तक होतं, पुढची काही पानं गळालेलं. श्रावणातल्या दर शुक्रवारी आमच्या गल्लीतल्या मराठी घरांतल्या बायका ओटीवर जमायच्या. प्रत्येकीच्या मुठीत अक्षता. आत्या वाचायची, बाकीच्या ऐकायच्या. शेवटचं वाक्य आलं की अक्षता देवीवर पडायच्या. नियम एकच, कहाणी पानावरून वाचायची, तोंडपाठ म्हणायची नाही. अप्पा त्या वेळी चप्पल घालून बाहेर पडायचे. मीही त्यांच्या मागे.

ज्या वर्षाबद्दल मी बोलतेय त्या वर्षी दोन गोष्टी आटल्या. एक कालवा. गावाबाहेरच्या कालव्याला आम्ही पुदुआरू म्हणतो, म्हणजे नवी नदी. वरून पाणी सुटलं नाही आणि नव्या नदीत पोरं क्रिकेट खेळायला लागली. आडीच्या अठराव्या दिवशी नदीची पूजा असते. बायकांनी हातपंपावरून कळशा भरून आणल्या, वाळूत ओतल्या आणि त्या ओलीला हळदकुंकू वाहिलं.

दुसरं म्हणजे आत्याचे डोळे.

मोतीबिंदू आहे पण अजून पिकला नाही, डॉक्टर म्हणाले. पिकल्यावर काढू. शिवाय मागचा पडदा कसा आहे ते आत्ता दिसत नाही. म्हणजे काढल्यावरही दिसेल की नाही याची खात्री कोणी देत नव्हतं. श्रावणातल्या पहिल्या शुक्रवारी आत्याने पुस्तक नाकाला लावलं, उजेडाकडे फिरवलं, वाऱ्याने पान उडालं तर ते परत शोधता आलं नाही. बायका मुठी मिटून थांबल्या. शेवटी ती म्हणाली, "आज एवढंच." अक्षता तशाच डब्यात परत गेल्या.

"कॅसेट आणू की," शेजारच्या कमलाबाई म्हणाल्या. त्यांच्याकडे नवा टेपरेकॉर्डर आला होता, मुलाने मस्कतहून पाठवलेला. "कुंभकोणात मिळते. तमिळमध्ये अस्की, सगळीच्या सगळी कथा आहे, मागे वीणासुद्धा. बटण दाबलं की झालं."

"कॅसेटला ऐकणारं दिसतं का ग?" आत्याने विचारलं.

"तुज तरी कुठे दिसतं आता?" कमलाबाई म्हणाल्या, आणि लगेच जीभ चावली.

सगळ्यांत आधी आत्याच हसली. पण त्या आठवड्यात ती नीट जेवली नाही. दुपारी पुस्तक मांडीवर घेऊन बसायची आणि पानांवरून बोट फिरवायची. आई म्हणाली, "अक्का, तुम्हाला पाठच आहे, म्हणून टाका की. देवी काय परीक्षा घेणार आहे?" आत्या म्हणाली, "मी म्हणायला लागले की मज आवडेल तेवढंच म्हणते ग. पानाला माझी आवडनिवड ठाऊक नाही. म्हणून पान हवं."

मी तेव्हा अकरावीत होते आणि मला सगळ्याचं उत्तर ठाऊक होतं. वाटलं, चांगलंच झालं, बंद पडू दे एकदाची अंधश्रद्धा. आणि त्याच वेळी पुस्तकावरून फिरणारं ते बोट मला बघवत नव्हतं. दोन्ही एकदम वाटणं हे माझ्या कुठल्याच पत्रकात छापलेलं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी सकाळी अप्पा चप्पल घालत होते. ओटीवरून आत्याने हाक मारली.

"सदू, कुठे निघालास?"

"छापखान्यात."

"आज उशीर होऊ दे तुज. बस इथे. वाच."

अप्पा हसले. "मला कुठे येते ती लिपी, अक्का?"

"मीच शिकवली ना? मागच्या दारी, रांगोळीच्या पिठात. ळ काढताना रडायचास."

"विसरलो केव्हाच."

"विसरला नाहीस. त्या स्टेशनची पाटी मी पाहिली होती रे. नावावर डांबर होतंच, पण वर 'तं'च्या डोक्यावर एवढंसं टिंब असतं, वेगळं, तेसुद्धा झाकलं होतंस. न येणारा मनुष्य ते टिंब सोडून जातो. तुज येत होतं म्हणून तुझा हात तिथवर गेला."

जमलेल्या बायका पुढे सरकल्या. माझी आईसुद्धा स्वयंपाकघराच्या दारात आली. अप्पा एका पायात चप्पल घालून उभे. मी ती गोष्ट किती वेळा ऐकली होती, पण त्यातलं टिंब मला कोणी सांगितलं नव्हतं.

"अक्का, मी हे मानत नाही. तुला माहीत आहे."

"मानायला कोण सांगतंय? वाचायला सांगते."

"लोक हसतील मला."

"हसू देत. तुझ्या पत्रकांना हसत नाहीत काय? तरी वाटतोसच की."

कमलाबाईंनी तोंडाला पदर लावला. अप्पांनी पायातली चप्पल काढली, ओटीवर बसले आणि पुस्तक हातात घेतलं.

सुरुवातीला ते वाचन नव्हतंच. जुळारी जसा खिळा उचलतो तसा ते एकेक अक्षर उचलत होते. क, मग काना. अक्षर लागायचं, शब्द लागायचा नाही. शब्द लागला की मागचा हातून सुटायचा. आत्या मध्ये बोलली नाही. मग एका वाक्याच्या मध्यावर काहीतरी झालं. मी समोर बसले होते, मी पाहिलं. अप्पांच्या कपाळावरची आठी गेली. अक्षरं दिसेनाशी झाली आणि आवाज आला. तो आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. अप्पा वाचतात म्हणजे मूठ वळून, शेवटची ओळ उंच चढवून. हा माणूस खालच्या पट्टीत वाचत होता, आमच्या घरातल्या मराठीत, आणि ती मराठी कागदावरून येत होती! माझी भाषा कुठेतरी लिहून ठेवलेली आहे, ती जेवायला वाढताना आणि रागावतानाच नाही तर एरवीही जिवंत असते, हे मला त्या क्षणी कळलं. वारा पान उडवत होता, अप्पांनी अंगठ्याने ते दाबून धरलं होतं, अंगठ्यावर छापखान्याची शाई होती.

कहाणी एका विणकर बाईची होती. पुराच्या गडबडीत ती शुक्रवारचा दिवा लावायला विसरते. देवी कोपते आणि तिच्या तान्ह्या मुलीची दृष्टी काढून घेते.

अप्पा तिथे थांबले.

मुठींतल्या अक्षता घामाने ओल्या झाल्या असतील.

"थांबलास का?" आत्याने विचारलं.

"इथेच मी लहानपणी उठून गेलो होतो, अक्का. आठवतं? चूक आईची, शिक्षा मुलीला. ही कसली देवी? हे मी वाचणार नाही. आणि तूच सांग, आज तुझे डोळे असे असताना, हे मी तुला कोणत्या तोंडाने ऐकवू?"

"याच तोंडाने."

"हा अन्याय आहे."

"आहेच. मज ठाऊक नाही होय? तुझे मेव्हणे गेले त्या श्रावणातही मी हेच पान वाचलं. प्रत्येक वर्षी या ओळीशी मी अडते. तुज काय वाटलं, आम्ही अस्क्या बायका इथे माना डोलवतो? ओळ आहे म्हणून वाचायची. तू उठून गेलास, तुज पुढचं ठाऊक नाही. वाच."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. पुढे काय लिहिलंय हे त्यांना ठाऊक नाही, असं मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी पान उलटलं.

पुढे ती विणकर बाई रडत नाही. ती माग उचलून देवळाच्या दारात आणून मांडते. म्हणते, सगळ्या गावाची वस्त्रं मी विणते, तुझंही मीच विणते. माझ्या लेकीचे डोळे परत येईपर्यंत धोटा चालणार नाही. गावातल्या बाकीच्या विणकर बायका आपापले माग घेऊन तिच्या शेजारी येऊन बसतात. सण येतो, देवीला नेसायला वस्त्र नाही. देवी दारात येते. म्हणते, चुकले. आणि मुलगी डोळे उघडते.

'चुकले' हा शब्द अप्पांनी दोनदा वाचला, आधी नीट दिसला नसावा तसा. मग पुस्तक खाली ठेवून ते बायकांकडे बघत राहिले.

"अक्का, हा तर संप आहे!"

"मग? तू एकटाच करतोस होय?"

अक्षता पडल्या. बायका इतक्या हसल्या की कमलाबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. अप्पा हसले नाहीत. ते उठून मागच्या दारी गेले आणि भिंतीला टेकून खूप वेळ उभे राहिले. ज्या गोष्टीविरुद्ध ते माझ्या जन्माआधीपासून बोलत होते, ती त्यांनी अर्धीच ऐकली होती.

यावरून अप्पा देवभक्त झाले असं कोणी समजू नये. पुढच्याच रविवारी आम्ही पापनाशमच्या बाजूला पाण्याचं पत्रक वाटत होतो, आणि त्यातली भाषा नेहमीइतकीच जहाल होती. आत्यानेही त्यांना कधी नमस्कार करायला लावला नाही. पण त्या श्रावणातले उरलेले सगळे शुक्रवार अप्पांनीच वाचले, आणि एका शुक्रवारी मी विचारलं, "आत्या, मला शिकवशील?" तिला पाटी दिसत नव्हती. तिने माझा तळहात ओढून घेतला आणि बोटाने त्यावर अ काढला. गुदगुल्या झाल्या. माझी मराठी लिपी अशी हातावर आली. नंतर कागदावर उतरवताना कितीतरी दिवस माझा डावा तळवा शिवशिवायचा.

आडी संपली, मोतीबिंदू पिकला, शस्त्रक्रिया झाली. पट्टी सोडली तेव्हा आत्या म्हणाली, "उजेड आहे." मग थोड्या वेळाने, "माणसं आहेत." अक्षरं मात्र परत आली नाहीत. मागचा पडदा गेला होता. माग उचलून नेण्याजोगं देऊळ प्रत्येकाला सापडतंच असं नाही. मला या गोष्टीचा आजही राग येतो, आणि तो मी जाऊ देणार नाही.

आता मी शुक्रवारी वाचते. त्या ओळीशी मीही अडते. आत्या हनुवटी वर करते, मी पुढे जाते. आणि वाचून झालं की ती म्हणते, "आता तुझं काढ." मग मी पिशवीतून माझं ताजं पत्रक काढते आणि तमिळमधून तिला वाचून दाखवते, धरण, करार, मजुरी, सगळं. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकते. गेल्या आठवड्यात म्हणाली, "फार ओरडतं ग हे. मधला भाग खरा आहे, तो हळू सांगितलास तरी ऐकू येईल." मी मधला भाग पुन्हा लिहिला. आता तो अधिक झोंबतो.

वाचनाने माणूस मोठा होतो असं शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. मी ज्या घरात वाढले तिथे वाचनाने माणूस निर्भय झालेला मी पाहिला, आणि त्याच वाचनाने तो आपल्याच बहिणीच्या पुस्तकापासून अर्धं आयुष्य तुटलेलाही पाहिला. दोन्ही तोच माणूस होता. अक्षराची ताकद एवढी आहे. अजून पुस्तक उघडताना माझा हात थोडा थांबतो.

प्रत्येक पत्रकाच्या शेवटी एक आवाहन असतं. मोठ्या संख्येने या, असं अप्पा छापायचे. माझं आवाहन लहान आहे, त्याला गर्दी लागत नाही. तुमच्या घरात किंवा शेजारी कोणीतरी असेल ज्यांना आता वाचता येत नाही, किंवा कधीच येत नव्हतं. येत्या शुक्रवारी त्यांच्याजवळ जाऊन बसा. काय वाचू, असं त्यांना विचारा. ते जे सांगतील ते तुम्हाला पटणार नाही. तरीही मोठ्याने वाचा, आणि ज्या ओळीशी उठून जावंसं वाटेल तिथे पान अंगठ्याने दाबून धरा आणि मग ते उलटा.